मुलीच्या मागे, रांगेत शेवटची

पत्र

‘ताई, मी देवगड तालुक्यात राहते. वय 39. पतपेढीत नोकरी करते. घरी सासूबाई, मिस्टर आणि दहा वर्षांची मुलगी. आमची आंब्याची कलमं आहेत, त्यामुळे मार्च ते मे घरात कुणालाच उसंत नसते. मुलगी दोन वर्षं शाळेच्या हॉलमध्ये कराटेला जाते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच ते सात. मी तिला सोडते आणि तिथेच हॉलच्या पायरीवर बसते. मध्ये एकदा तिचे सर म्हणाले, “बसून काय राहता, या की तुम्हीपण.” मी हसून वेळ मारून नेली, पण तेव्हापासून डोक्यातून जात नाही. घाटी उतरताना माझा उजवा गुडघा दुखतो. वजनही वाढलंय. मुलांच्या घोळक्यात मी एकटी बाई कशी दिसेन? सासूबाई म्हणतात, “गो, ह्या वयात लाथ मारूक शिकान कोणाक मारूक जातलंस?” मोबाइलवर बघितलं तर कुणी सांगतं शोतोकान नको, दुसरी स्टाइल चांगली. आणखी एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहिते. गेल्या वर्षी एसटीत एका माणसाने गर्दीचा फायदा घेतला. मला ओरडायचं होतं. आवाजच फुटला नाही. घरी कुणाला सांगितलेलं नाही. या वयात कराटे सुरू करून काही उपयोग आहे का?’

उत्तर

ताई,

जा. जूनच्या मध्यावर शाळा उघडतील, हॉलही उघडेल. पहिल्याच सोमवारी चपला पायरीपाशी काढा आणि आत जा. पुढे मी गुडघ्याचं, जोडव्यांचं, पावसात न वाळणाऱ्या कपड्यांचं बरंच काही सांगणार आहे. ते वाचताना मन मागे सरलं तर पुन्हा इथे वर येऊन पहिला शब्द वाचा.

जी गोष्ट लिहायची नव्हती म्हणालात, तिथूनच सुरुवात करते. एसटीत तुमचा आवाज फुटला नाही यात तुमची काडीची चूक नाही. अचानक असं काही घडलं की पुष्कळ जणींचं अंग जागच्या जागी थिजतं, घसा आवळतो, हात उचलत नाही. त्याला भित्रेपणा म्हणू नका. शरीर तसंच वागतं. दोष त्या माणसाचा, सगळाच्या सगळा. वर्षभर तुम्ही हे एकटीने उरात बाळगलंत याचं मला फार वाईट वाटलं. घरात नको असेल तर एखाद्या जिवाभावाच्या मैत्रिणीला तरी सांगा. आणि पुन्हा कधी असं झालं तर कंडक्टरला हाक मारता येते, 112 वर फोन लावता येतो. घटना घडून गेल्यावर पाच मिनिटांनी आवाज परत आला तरी तक्रार करता येते.

आता कराटेशी याचा संबंध काय? कराटे म्हटलं की लोकांना लाथा-बुक्क्या दिसतात. पण मोठ्या वयात वर्गात येणाऱ्या बाईला सगळ्यात जड काय जात असेल तर ओरडणं. त्याला ‘किआय’ म्हणतात. पंच किंवा किक ज्या क्षणी पूर्ण होते त्या क्षणी पोट घट्ट करून, श्वास बाहेर टाकत काढलेला आवाज. मुलगी घरी काढत असेल, तुम्ही तिला ‘हळू गं, शेजारी काय म्हणतील’ असं एखाद वेळेस म्हणालाही असाल. आपल्याला लहानपणापासून हेच सांगितलेलं असतं.

मी 36 व्या वर्षी रत्नागिरीत सुरुवात केली. पंच जमायला लागला, पवित्रा जमायला लागला, पण किआयची वेळ आली की माझ्या तोंडून खोकल्यासारखं काहीतरी निघायचं. शेजारची आठ-आठ वर्षांची पोरं हॉल दणाणून सोडायची. तीन महिने हे असंच. सरांनी कधी टोकलं नाही. मग एका रविवारी त्यांनी वर्ग भाट्याच्या किनाऱ्यावर घेतला. भरतीची वेळ होती, वारा सुटला होता, मागे सुरूचं बन घोंघावत होतं. आम्हाला पाण्याकडे तोंड करून उभं केलं आणि स्वतः चाळीसेक पावलं लांब जाऊन उभे राहिले. म्हणाले, ‘प्रत्येकाचा आवाज मला इथे ऐकू आला पाहिजे. आला की मी हात वर करीन.’ एकेकाची पाळी. माझी आली. पहिल्यांदा हात वर झाला नाही. दुसऱ्यांदा नाही. पाय ओल्या वाळूत घोट्यापर्यंत रुतलेले, लाट येऊन पायाखालची वाळू ओढून नेतेय, आणि मी तोल सावरण्यासाठी पोट आवळून धरलेलं. पाचव्या की सहाव्या वेळेला तो आवाज आला. घशातून आला नाही, बेंबीच्या खालून आला. शेजारची मुलगी दचकून माझ्याकडे बघायला लागली. लांबवर सरांचा हात वर गेला. घरी पोचेपर्यंत माझे हात थरथरत होते.

म्हणून उपयोग आहे का या प्रश्नाला माझं उत्तर असं. सहा महिन्यांच्या कराटेने तुम्ही धडधाकट पुरुषाला लोळवाल असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी दहा-वीस वेळा, सुरक्षित जागी, चारचौघांत तुम्ही पोटातून आवाज काढाल. घशाला ती वाट सवयीची होईल. कुणी किती अंतरावर उभं आहे हे नजरेला आपसूक कळायला लागेल. धक्का लागला तर पाय कुठे टाकायचा हे पायाला कळेल. वर्गाबाहेर या शिक्षणाचा उपयोग बहुतेक वेळा ओरडण्यासाठी, हात सोडवण्यासाठी आणि तिथून निघून जाण्यासाठी होतो, आणि तोच योग्य उपयोग आहे. कराटेतला एक जुना नियमच आहे की इथे पहिला हल्ला नसतो. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तरही हेच: कुणालाच मारायला नाही.

एक गोष्ट आजच करून बघा. मुलीला तुमचं मनगट घट्ट धरायला सांगा. सरळ मागे ओढलंत तर सुटणार नाही. आता तिचा अंगठा कुठे आहे बघा. चार बोटं एका बाजूला आणि अंगठा एका बाजूला. पकडीतली कच्ची जागा तीच. तुमच्या मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे फिरवा आणि कोपर वाकवून हात झटक्यात स्वतःकडे घ्या. सुटेल. मग मिस्टरांना धरायला सांगा. तेव्हा कळेल की ताकदवान पकडीत हे किती कठीण जातं, आणि सराव कशासाठी असतो.

आता मुलीचं. मला तुमच्या पत्रातला सगळ्यात नाजूक भाग तोच वाटला, आणि तुम्ही त्यावर एक ओळही लिहिलेली नाही. तुम्ही सरांना काय वाटेल, पायरीवरच्या इतर आयांना काय वाटेल, सासूबाईंना काय वाटेल याचा विचार केलात. पण तो हॉल दोन वर्षं तिचा आहे. घर, शाळा, अभ्यास सगळीकडे आईचं लक्ष, आणि तीन संध्याकाळी दीड तास ती आईपासून दहा पावलं लांब, स्वतःच्या हिमतीवर उभी असते. तिथे तुम्ही जाणार. म्हणून आधी तिला विचारा. ‘मी आले तर चालेल का?’ असं, खरोखर परवानगी मागितल्यासारखं. ती ‘नको’ म्हणाली तर रागावू नका. सरांना सांगा, की पायरीवर बसणाऱ्या आणखी तीन-चार आया तयार असतील तर बायकांची वेगळी बॅच करता येईल का. पायरीवर तुमच्यासारखी आणखी एखादी मनातल्या मनात पवित्रा घेत बसलेली असणारच.

ती ‘ये’ म्हणाली (बहुतेक म्हणेल), तर वर्गातली रीत समजून घ्या. रांग बेल्टप्रमाणे लागते, वयाप्रमाणे नाही. वरचे बेल्ट एका टोकाला, पांढरे दुसऱ्या टोकाला. म्हणजे तुमची मुलगी तुमच्या कितीतरी पुढे उभी असेल आणि तुम्ही शेवटी, कदाचित सहा वर्षांच्या एखाद्या पोराच्या शेजारी. ते पोर पहिल्या दिवशी तुमच्याकडे टकामका बघेल. तिसऱ्या दिवशी तुम्हाला विचारेल, ‘काकू, शी नंतर काय?’ आणि तुम्ही सांगाल, ‘गो.’ इची, नी, सान, शी, गो, हे जपानी एक ते पाच. मुलं हसण्याची भीती एवढ्यापुरतीच आहे.

तिथे असताना मुलीला ‘नीट उभी राहा’, ‘केस बांध’, ‘सरांकडे लक्ष दे’ म्हणायचं नाही. त्या दीड तासात ती तुमची सीनियर आहे. सर एखाद्या दिवशी तिलाच म्हणतील, ‘आईला मूठ शिकव.’ तेव्हा तिच्यापुढे हात करा. नवीन बाई मूठ मिटताना फार वेळा अंगठा बोटांच्या आत दडवते. तसा पंच लागला तर अंगठाच दुखावेल. ती तुमची बोटं टोकापासून गुंडाळेल, अंगठा बाहेर काढून पहिल्या दोन बोटांवर आडवा दाबेल, आणि दाखवेल की लागायचं ते फक्त पहिल्या दोन बोटांच्या सांध्यांनी, मनगट सरळ. लहानपणी तिला पेन्सिल धरायला तुम्ही शिकवलंत, तेवढ्याच गंभीरपणे ती हे करेल. त्या वेळी हसू नका, तिच्यासाठी ते मोठं काम असतं.

वयाबद्दल. गिचिन फुनाकोशी हे जपानमधल्या ओकिनावा बेटावरचे शाळामास्तर. जन्म 1868 चा. कराटे दाखवायला ते टोकियोला गेले 1922 साली, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर, आणि तिथेच शिकवायला राहिले. सुरुवातीला विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहात झाडलोट, राखण अशी कामं करत राहिले आणि शिकवत राहिले. तुमच्या मुलीची शोतोकान त्यांचीच. ‘शोतो’ हे त्यांचं कविता लिहितानाचं टोपणनाव, अर्थ पाइनच्या झाडांतून वाहणाऱ्या वाऱ्याची लाट. आपला सुरू पाइनच्या जातीचा नाही, पण त्याच्या बनात संध्याकाळी वारा शिरला की जो आवाज येतो, तो ऐकलेल्या कोकणातल्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही.

आणि तुमची मुलगी जो पहिला काता (ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली) करते, हेयान शोदान, त्या मालिकेचा जन्मच शाळेतल्या मुलांसाठी झालेला आहे. फुनाकोशींचे गुरू आंको इतोसू यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे ओकिनावाच्या शाळांत नेलं आणि नवशिक्यांना पेलतील असे पाच काता बसवले. म्हणजे तुम्ही जिथून सुरू करणार ती जागा नवशिक्यांसाठीच आखलेली आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 साली, बायकांच्या कातामध्ये सुवर्णपदक मिळवणारी स्पेनची सांद्रा सांचेझ तेव्हा 39 वर्षांचीच होती. ती लहानपणापासून करत होती, तिच्याशी तुलना नको. पण 39 हे वय कातासाठी संपलेलं वय नाही एवढं त्यातून नक्की दिसतं.

गुडघ्याची काळजी मात्र मनापासून घ्या. सुरू करण्याआधी एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, बीपी आणि साखर तपासून घ्या, आणि सरांना पहिल्याच दिवशी सांगा की उजवा गुडघा उतरताना दुखतो. लपवून सगळ्यांच्या बरोबरीने करायला गेलं की दुखणं वाढतं. पुढच्या पवित्र्यात, झेनकुत्सु दाचीत, पुढचा गुडघा वाकलेला आणि मागचा पाय ताठ असतो. खाली बघा. वाकलेला गुडघा आणि त्याच पायाची मधली बोटं एका रेषेत दिसली पाहिजेत. गुडघा आत, अंगठ्याच्या दिशेने कलला की सांध्यावर ताण येतो. मुलांचे पवित्रे लांब आणि खोल असतात. तुम्ही तीन महिने आखूडच ठेवा. वळताना अनवाणी पाऊल लादीला चिकटून राहतं, वरचं अंग फिरतं, आणि मधल्या मध्ये गुडघा पिळला जातो. म्हणून ज्या पायावर फिरायचं त्यावरचा भार क्षणभर हलका करा, मग फिरा. किक मारताना आधी गुडघा वर, मग पाय पुढे, आणि लगेच परत गुडघ्याशी. हवेत पाय झटक्याने पूर्ण ताठ करू नका. उंची कमरेपर्यंतसुद्धा नको, मांडीपर्यंत पुरे. घरी रोज खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करून दहा अंक मोजेपर्यंत धरा, दहा-दहा वेळा. मांडी बळकट झाली की गुडघ्याला आधार मिळतो. डॉक्टरांनी याहून वेगळं काही सांगितलं तर त्यांचं ऐका.

पहिला आठवडाभर मांड्या इतक्या भरून येतील की खाली बसताना आई आठवेल. ते स्नायूंचं दुखणं, चार दिवसांत जातं. सांध्यात कळ आली, सूज आली, तर थांबायचं. व्यायाम करताना श्वास कोंडून धरू नका. मोजा, आवाज काढा, म्हणजे श्वास आपोआप सुटतो.

तुमच्या अंगाला यातलं पुष्कळ आधीच येतं. ताक घुसळताना रवीची दोरी आठवा. एक हात पुढे जातो तेव्हा दुसरा तेवढ्याच जोराने मागे येतो, आणि नीट घुसळणाऱ्या बाईची कंबरही त्यात असते. पंच हाच. पुढे जाणाऱ्या मुठीइतकंच लक्ष मागे कमरेशी येणाऱ्या मुठीकडे द्या. मला हे सरांच्या सांगण्यातून आठ दिवस कळलं नव्हतं. घरी लोणी काढताना एकदम कळलं.

सासूबाईंचं बोलणं मला तोडून टाकणारं वाटलं नाही. त्यांना भीती वाटतेय. त्यांच्यापासून लपवून जाऊ नका, आणि मिस्टरांकरवी निरोपही धाडू नका, स्वतः सांगा. गौरीच्या रात्री त्या किती वेळ फुगडी घालायच्या ते विचारा. चाळिशीतही घालत होत्या का विचारा. मग एखाद्या शुक्रवारी नातीचा काता बघायला पायरीवर घेऊन या. पण एका गोष्टीवर त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा, कारण बघायला आल्यावर ती त्यांच्या नजरेला पडणारच: दागिने. वर्गात काचेच्या बांगड्या चालत नाहीत, फुटल्या तर स्वतःला आणि समोरच्या मुलाला कापतात. मंगळसूत्र कुणाच्या हातात अडकलं तर मानेला फास बसतो. जोडव्यांचं लोकांच्या लक्षात येत नाही. पुढची किक चवड्याने मारायची असते, बोटं मागे खेचून. तेव्हा जोडवी बोटात रुततात, आणि जोडीदाराच्या नडगीला लागली तर जखम करतात. एक छोटी डबी पर्समध्ये ठेवा. घरून निघताना देवापुढे काढा किंवा हॉलवर काढा, परत आल्या आल्या घाला. निघतच नसलेल्या अंगठीवर चिकटपट्टी गुंडाळा. सासूबाईंना सांगा की लेकराच्या अंगाला लागू नये म्हणून काढते. हे कारण त्यांना पटेल, आणि ते खरंच आहे.

स्टाइलचं फार मनावर घेऊ नका. शोतोकानमध्ये पवित्रे लांब, गोजू-र्‍यूमध्ये आखूड आणि श्वासावर भर, शितो-र्‍यूमध्ये काता पुष्कळ, वादो-र्‍यूमध्ये जुजुत्सूची झाक, क्योकुशिनमध्ये अंगावर खरोखर मार. मुंबईत निवड करता येते. आपल्याकडे तालुक्याला एखाद-दुसरा वर्ग, तर निवड शिक्षकाची करावी. मी शिकायला लागले तेव्हा आधी चुकीच्या ठिकाणी गेले होते. दर दोन महिन्यांनी बेल्टची परीक्षा, दर परीक्षेला वेगळी फी, आणि वर्षात ब्लॅक बेल्ट देण्याचं वचन. चार महिने गेले, दोन रंग बदलले, आणि मला धड वळता येत नव्हतं. नीट शिकवणाऱ्याकडे ब्लॅक बेल्टला तीन-चार वर्षं तरी लागतात, नोकरी-संसार सांभाळून आणखी जास्त. परीक्षेची फी किती, वर्षातून किती वेळा, प्रमाणपत्र कुणाचं, हे तोंडावर विचारा. चांगला शिक्षक चिडत नाही.

तुमच्याकडे एक मोठी सोय आहे. तुम्ही त्या सरांना दोन वर्षं पायरीवरून बघताय. ते मुलांना पाणी प्यायला सोडतात का? चुकल्यावर मारतात का? मुलीचा पवित्रा दुरुस्त करताना आधी सांगतात, स्वतः करून दाखवतात, की थेट हात लावतात? हॉलचं दार उघडं असतं का? आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुली त्या वर्गात टिकल्यात का? मी कुठल्याही वर्गात गेले की सगळ्यात आधी हे बघते. ज्या वर्गात लहान मुली भरपूर आणि मोठी एकही नाही, तिथे त्या का गेल्या हे शोधल्याशिवाय आपण पाय ठेवू नये. हात लावून शिकवलेलं तुम्हाला नको असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, ‘सर, मला सांगून दाखवा.’ एवढं वाक्य बोलायला अवघड वाटेल, ते घरी आरशासमोर दोनदा म्हणून जा.

पहिला महिना ट्रॅक पँट आणि सैल टी-शर्ट पुरे. कराटेचा ड्रेस नंतर घ्या, सुती, एक माप मोठा, कारण धुतल्यावर आटतो. आत गडद टी-शर्ट आणि नीट बसणारी स्पोर्ट्‌स ब्रा. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या पँटची धाकधूक सगळ्यांनाच असते. आत काळी घट्ट चड्डी घाला, आणि त्या दिवशी जावंसं वाटलं नाही तर जाऊ नका, कारण सांगायची गरज नाही. जुलैत तो जाड ड्रेस तीन दिवस वाळत नाही. वर्गातून आल्या आल्या पिशवीतून काढायचा, घामट तसाच राहिला तर बुरशीचे काळे ठिपके पडतात ते जात नाहीत. पडवीत दोरीवर, पंख्याखाली. पावसात हॉलच्या लाद्यांना ओल सुटते, आधी फडक्याने पुसून घ्या, मुलांनाही पुसायला लावा. वर्गाआधी दोन तास जड खाऊ नका. नंतर मीठ घातलेलं कोकम सरबत.

जून-जुलै उत्साहात जातील. मग गणपती येतील. वर्ग बंद, घरात चाकरमानी, रोज पन्नास माणसांचं रांधायचं, रात्री आरत्या. दहा-बारा दिवसांनी वर्ग उघडेल तेव्हा अंग जड झालेलं असेल, काता विसरलेला असेल, आणि वाटेल की झालं, राहिलं आता. मी मोठ्या वयात सुरू केलेल्या जितक्या बायका सोडून जाताना पाहिल्या, त्यातल्या बहुतेक याच आठवड्यात गेल्या. तेव्हा आताच कॅलेंडरवर विसर्जनानंतरच्या पहिल्या वर्गाच्या दिवसाभोवती गोल काढून ठेवा. मुलीलाच काढायला सांगा. पुढे आंब्याच्या दिवसांत आठवड्यातून एकच दिवस जमला तरी तो एक दिवस सोडू नका.

ड्रेस आला की पहिल्यांदा बेल्ट तुम्ही बांधू नका, तिला बांधू द्या. ती मधला भाग पोटावर धरून दोन्ही टोकं मागून फिरवून पुढे आणेल, एक टोक सगळ्या पदरांखालून वर काढेल, गाठ मारेल, आणि दोन्ही टोकं सारखी लोंबतात का ते मागे सरून बघेल. मुलं गाठ नेहमी फार आवळतात. तिला थोडी सैल करायला सांगा. ती बेंबीच्या जरा खाली, पोट भरून श्वास घेता येईल अशी बसली पाहिजे, कारण आवाज तिथूनच काढायचा आहे.